लेस, फ्युअर आणि भिजवलेली मटकी

परवा इंग्रजी शिकवणाऱ्या एका व्हिडिओत सर ठासून सांगत होते, ‘लेस पीपल’ म्हणणाऱ्याला इंग्रजी येतच नाही. दोन्हींचा अर्थ ‘कमी’च, पण मोजता येतं तिथे फ्युअर, येत नाही तिथे लेस. परीक्षेत असंच लिहावं, मार्क त्यालाच मिळतात. पण ‘येतच नाही’ हे मला मुळीच पटलं नाही.

नवव्या शतकात एका लॅटिन ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर झालं, ते इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाच्या नावावर आहे; त्यात ‘लॅस वोर्डा’ असा प्रयोग आहे. लॅस म्हणजे आजचं लेस. तेव्हा ते नामासारखं वापरत आणि पुढचा शब्द षष्ठीच्या अनेकवचनात येई. ‘वोर्ड’ला लागलेला ‘आ’ हा तोच प्रत्यय. अर्थ साधारण ‘शब्दांपैकी थोडके’. पुढे इंग्रजीतले विभक्तिप्रत्यय झिजले, हा ‘आ’ही गळाला. आपल्याकडे ‘शब्दांपैकी’मधलं ‘पैकी’ पुसून जावं, तसं. मग लेस थेट अनेकवचनी नामाला चिकटलं आणि विशेषण वाटू लागलं. म्हणजे ‘लेस वर्ड्‌स’ला हजार वर्षांची वहिवाट आहे! 1770 साली इंग्रजी भाषेवर लिहिणारे रॉबर्ट बेकर यांनी संख्येसाठी फ्युअर बरं, असं लिहिलं. ती त्यांची आवड होती. पुढच्यांनी तिचा कायदा केला.

मराठीत ‘कमी’ दोन्हीकडे चालतं: कमी पाणी, कमी माणसं. म्हणून आपण हा भेद करत नाही असं वाटतं. पण तो क्रियापदात दिसतो. मूग भिजवले, मटकी भिजवली. दाणे जवळपास सारखेच, तरी मूग अनेकवचनी आणि मटकी एकवचनी. तीळ भाजले, पण त्याहून मोठा साबुदाणा भिजवला. तांदूळ धुतले आणि शिजल्यावर भात झाला. दाण्याच्या आकारावरून वचन ठरत नाही, ते त्या-त्या शब्दाबरोबर येतं. यावरून ‘भाषा तसा मेंदू’ असे दावे करणारे मेसेज फिरतात, त्यांवर विश्वास ठेवू नका. मटकी एकवचनी असली, तरी निवडताना तिच्यातला खडा काही नजरेतून सुटत नाही.

आणि नियम पाळणारे इंग्रजसुद्धा ‘लेस दॅन 5 किलोमीटर’च म्हणतात. किलोमीटर मोजता येतात, पण तिथे मनात असतं ते सलग अंतर.