बेलेंचा बुरूज आणि पाद्रांव: लिस्बनच्या एकाच काठावरची दोन वेगळी शतकं

लिस्बन फिरून आलेल्यांच्या फोटोंत तेजो नदीकाठची दोन फिकट दगडी बांधकामं हमखास असतात. एक बुटका, नक्षीदार बुरूज, पाण्यात पाय सोडून बसल्यासारखा. दुसरं उंच स्मारक, शिडं फुगलेल्या जहाजाच्या आकाराचं, कडेला माणसांच्या पुतळ्यांची रांग. दोन्हींखाली बहुधा एकच ओळ असते: ‘वास्को द गामा इथूनच भारताकडे निघाला.’

निघाला तो याच बेलें भागातून, जुलै १४९७ मध्ये. पण तेव्हा या दोन्हींपैकी काहीच उभं नव्हतं. बुरुजाचं काम सुरू झालं १५१४ साली, म्हणजे तो निघाल्यावर सतरा वर्षांनी आणि पोर्तुगीज सेनानी अल्बुकेर्कने गोवा घेतल्यावर चार वर्षांनी. जहाजाच्या आकाराचं स्मारक, म्हणजे पाद्रांव, तर १९६० चं. दोन्हींमध्ये पायी दहा-पंधरा मिनिटांचं अंतर आणि साधारण साडेचार शतकांची दरी आहे. गोंधळ होतो तो मात्र पर्यटकांच्या अडाणीपणामुळे नव्हे. नवं स्मारक जुन्या काळातलं वाटावं अशाच बेताने घडवलेलं आहे. तीच ढाल, तेच क्रूस, तीच जहाजं.

आधी बुरूज. तोर्रे द बेलें हे रूढ नाव. मूळ नाव सांव व्हिसेंतचा बुरूज. राजा मानुएल पहिला याच्या काळात फ्रांसिश्कु द अर्रुदा या स्थपतीने तो बांधला. पाच-सहा वर्षांत काम उरकलं. लिस्बनच्या बंदरात शिरणाऱ्या जहाजांवर दोन्ही काठांवरून मारा करता यावा, हा हेतू. समोरच्या दक्षिण काठावर कापारिकाला एक गढी आधीच होती. त्या काळी बुरूज काठापासून थोडा आत, पाण्यातल्या खडकावर होता. पुढे भराव पडत गेला, काठ पुढे सरकला आणि आज तो जवळजवळ जमिनीलाच चिकटला आहे. १७५५ च्या भूकंपाने नदीचं पात्र बदललं आणि बुरूज काठाला आला, ही गोष्ट तिथे मोठ्या चवीने सांगतात. तिच्यावर विश्वास ठेवू नये.

गडकिल्ले पाहणाऱ्या मराठी माणसाला इथे ओळखीचं बरंच सापडतं. पाण्याच्या बाजूला बुटका, कोनदार तोफखाना. त्यात तोफांसाठी १७ झरोके. मधोमध छत उघडं ठेवलंय, कारण बंद जागेत तोफा डागल्या तर धुराने गोलंदाजच गुदमरतील. वर फांजी, म्हणजे तटावरची चालायची वाट, तिच्या कडेने चर्या, म्हणजे कंगोरे, आणि प्रत्येक चर्येवर ख्रिस्ताच्या लष्करी पंथाचा क्रूस कोरलेली ढाल. कोपऱ्याकोपऱ्यांत पहारेकऱ्याचे घुमटीदार सज्जे. त्यांच्या खरबुजासारख्या घुमट्यांवर मोरोक्कोची छाप आहे, कारण अर्रुदाने आधी तिथे पोर्तुगीजांचे कोट बांधले होते. भिंतीभोवती दगडातच कोरलेला जाडजूड दोरखंड फिरवलाय. लढायच्या इमारतीवर एवढी कलाकुसर करण्याइतका पैसा तेव्हा मसाल्याच्या व्यापारातून लिस्बनमध्ये येत होता, हे तो दोरखंड बघूनच समजतं.

आता वायव्येच्या सज्जाखाली बघा. सज्जाच्या तळाशी, जिथे तो भिंतीला टेकतो, तिथे एका जनावराचं डोकं आहे. वारा-पाणी खाऊन इतकं झिजलंय की कुणी सांगितल्याशिवाय तो गेंडा वाटणार नाही. आणि तो काही कुठलाही गेंडा नव्हे. गुजरातचा सुलतान मुजफ्फरशहा दुसरा याने अल्बुकेर्कला एक गेंडा भेट दिला. दीवला किल्ला बांधू द्या म्हणून पोर्तुगीज त्याच्या मागे लागले होते. त्याने किल्ला दिला नाही, गेंडा दिला. अल्बुकेर्कने तो राजाकडे पाठवून दिला. जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून निघालेलं हे जनावर मे महिन्यात लिस्बनला उतरलं. रोमन काळानंतर युरोपने जिवंत गेंडा पाहिलाच नव्हता. जूनमध्ये त्याची हत्तीशी झुंज लावली, तर हत्तीच पळाला. वर्षअखेर राजाने त्याला पोप लिओ दहावा याच्याकडे नजराणा म्हणून रवाना केलं. इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं आणि साखळदंडात जखडलेला गेंडा त्याबरोबर गेला. जर्मन चित्रकार ड्युररने त्याचं लाकडी ठशातलं जगप्रसिद्ध चित्र केलं ते गेंडा न बघताच, वर्णन आणि कुणीतरी काढलेल्या रेखाटनावरून. हे सगळं चाललेलं असताना बुरुजाचं बांधकाम सुरू होतं. म्हणून मला त्या झिजक्या मुंडक्याचं अप्रूप वाटतं. ते कुणी नंतर आठवणीसाठी लावलेलं नाही, त्या वर्षांतली ताजी खबर पाथरवटाने दगडात उतरवलीय.

बुरुजाची लढाईतली कामगिरी यथातथाच. १५८० मध्ये आल्बाच्या ड्यूकची स्पॅनिश फौज आली तेव्हा त्याने फार तग धरला नाही. पुढे तळघरात कैदी कोंडले जायचे, जकात घेतली जायची, दिवाही लागायचा. आणि एक कबूल करायला हवं: १८४० च्या दशकात डागडुजी झाली तेव्हा जुन्या वळणाची काही नवी नक्षीही चढवली गेली. म्हणजे बुरूजही शंभर टक्के सोळाव्या शतकातला नाही. पण तो कामाला जुंपलेला होता, हरला, तुरुंग झाला, आणि त्याचे वण त्याच्या अंगावर आहेत.

आता दुसरं. पाद्रांव दुश देश्कुब्रिमेंतुश, म्हणजे समुद्रशोधांचं स्मारक. याची जन्मकथा १९४० ची. सालाझारच्या हुकूमशाही राजवटीने त्या वर्षी बेलेंमध्ये ‘पोर्तुगीज जगाचं प्रदर्शन’ भरवलं. अर्धा युरोप युद्धात होरपळत होता, पोर्तुगाल तटस्थ होता, आणि देशाच्या स्थापनेला आठशे व स्पेनपासून पुन्हा स्वतंत्र होण्याला तीनशे वर्षं झाल्याचा सोहळा चालू होता. प्रदर्शनासाठी जेरोनिमुश मठासमोरची जुनी बेलें वस्ती पाडली. इतिहासाचा गौरव करायला खरीखुरी जुनी वस्ती पाडायची आणि तिच्या जवळ प्लास्टरचं जहाज उभं करायचं, यातला विनोद त्या वेळी फारसा कुणाला सुचला नसावा. कोत्तिनेल्ली तेल्मु हा वास्तुकार, लेओपोल्दु द आल्मैदा हा शिल्पकार. लोखंडी सांगाडा, सिमेंट आणि प्लास्टरचे पुतळे. १९४३ मध्ये ते उतरवलं गेलं.

मग समुद्रमोहिमांना पाठबळ देणाऱ्या राजकुमार हेन्रीच्या मृत्यूला पाचशे वर्षं झाल्याच्या निमित्ताने तेच पुन्हा, या वेळी काँक्रीट आणि दगडात, उभारलं. ऑगस्ट १९६० मध्ये उद्घाटन झालं. उंची पन्नास मीटरच्या वर. नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, हातात छोटं जहाज घेतलेला हेन्री, त्याच्यामागे दोन्ही उतारांवर बत्तीस जण. तेहतीस जणांत बाई एकच, हेन्रीची आई फिलिपा.

पुतळे सुरेख आहेत, यात वाद नाही. पण त्यांच्याकडे तारखा लक्षात ठेवून बघावं. हेन्री १४६० मध्ये वारला. वास्को द गामा निघायला अजून सदतीस वर्षं होती. मॅगेलन १५१९ ला निघाला तो स्पेनच्या राजाच्या चाकरीत, तरी इथे पोर्तुगालच्या जहाजावर चढवलाय. पूर्वेकडच्या उतारावर शेवटी शेवटी अल्बुकेर्क आणि सेंट फ्रान्सिस झेवियर लागोपाठ आहेत. अल्बुकेर्क मेला तेव्हा झेवियर नऊ वर्षांचा होता, आणि तो गोव्यात पोहोचला १५४२ मध्ये. शंभर-दीडशे वर्षांत विखुरलेली माणसं एकाच जहाजात, एकाच दिशेला बघत उभी केली की साम्राज्य ही एका राष्ट्राची एकदिलाची मोहीम वाटू लागते. सालाझारला तेच हवं होतं. वसाहतींना ‘समुद्रापारचे प्रांत’ म्हणायला त्याच्या सरकारने १९५१ मध्ये सुरुवात केली होती.

उद्घाटनानंतर सोळा महिन्यांनी, १९ डिसेंबर १९६१ ला, गोवा मुक्त झाला. तरीही गोवामुक्तीसाठी लढलेले सांगलीचे मोहन रानडे पोर्तुगीज कैदेतच राहिले. ते सुटले १९६९ मध्ये. त्यांना ठेवलं होतं काशियशच्या किल्ल्यातल्या तुरुंगात. बेलेंहून कश्कैशकडे जाणाऱ्या लोकलने काही स्थानकं पुढे गेलं की काशियश येतं, याच काठावर. लिस्बनच्या सहलीच्या कार्यक्रमात ते कुणी घालत नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. जवळ जा. बुरुजाच्या दगडाच्या कडा गोल झाल्या आहेत, खालचे थर पाण्याने काळवंडले आहेत, नक्षी कुठे पुसट तर कुठे ठसठशीत. पाद्रांवचे सपाट पृष्ठ आणि सरळ रेषा लगेच विसाव्या शतकाची ग्वाही देतात. पाठीमागच्या, उत्तरेच्या बाजूला दारावर उभी भलीमोठी तलवार कोरलीय. बुरुजावर शस्त्र असं मिरवलेलं नाही. तिथे तोफाच होत्या.

तिकीट एकाचंच काढायचं असेल तर माझं मत थोडं उलटं पडेल: बुरूज बाहेरून बघा, पाद्रांववर वर जा. बुरुजाच्या आत खोल्या रिकाम्या आहेत, गोल जिना इतका अरुंद की चढणारे आणि उतरणारे आळीपाळीने सोडावे लागतात, रांग लांब. त्याची सगळी श्रीमंती बाहेरच्या अंगावर आहे. पाद्रांवला लिफ्ट आहे, आणि वर गेल्यावर खाली फरशीतली पन्नास मीटर रुंदीची होकायंत्राची चक्री नीट दिसते. तिच्या मध्यावर जगाचा नकाशा आणि पोर्तुगीज कुठे केव्हा पोहोचले त्याची सालं. ही चक्री १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या, म्हणजे वर्णभेदी राजवटीच्या, सरकारने भेट दिली होती. जमिनीवरून चालताना ते नुसतं रंगीत दगडकाम वाटतं.

वेळेचं म्हणाल तर सकाळी पाद्रांवपासून सुरुवात करा. वास्को द गामा, अल्बुकेर्क, झेवियर हे सगळे पूर्वेच्या उतारावर आहेत आणि दुपारनंतर ती बाजू सावलीत जाते. मग रस्ता ओलांडून जेरोनिमुश मठात वास्कोची कबर. तो १५२४ मध्ये कोचीला वारला, अस्थी नंतर मायदेशी नेल्या. १८३७ पासून चालू असलेल्या दुकानातले अंड्याच्या कस्टर्डचे गरम पेस्ट्री-कप खाऊन दुपारी काठाकाठाने पश्चिमेला बुरुजाकडे निघा. सोमवारी बुरूज बंद असतो, आणि डागडुजीसाठी तो लांबलचक काळ बंद ठेवल्याचंही होतं, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. बंद असला तरी गेंडा बाहेरच्या बाजूलाच आहे.