फ्लेमिंगोच्या पायाला तडा का जातो

कागदी मातीची कृती कुणालाही विचारा. रद्दी किती, फेव्हिकॉल किती, चॉक पावडरच्या वाट्या किती, सगळं मापात सांगतील. पाणी मात्र ‘लागेल तसं’. वस्तू सरळ उभी राहणार की तडकणार हे खरं तर पाणीच ठरवतं. ठाणे-नवी मुंबईत तर विचारूच नका. खाडी शेजारी, आणि जून ते सप्टेंबर हवाच ओली.

कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंचं जाळं. सेल्युलोज ही ग्लुकोजच्या घटकांची लांबच लांब साखळी आणि तिच्या अंगावर जागोजाग हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या. शेजारशेजारच्या तंतूंवरचे हे गट हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून ठेवतात. साध्या कागदात वेगळा डिंक नसला तरी तो फाटेपर्यंत टिकतो, तो याच बंधांमुळे. कागद भिजला की पाण्याचे रेणू मध्ये शिरून ती जागा बळकावतात, तंतू सुटे होतात आणि आपल्याला लगदा मिळतो. वाळताना उलटा प्रवास. तंतूंच्या फटीत उरलेलं पाणी पृष्ठताणामुळे त्यांना ओढून जवळ आणतं, इतकं जवळ की बंध पुन्हा जुळतात. म्हणजे मातीला कडकपणा येतो त्यातला मोठा वाटा निघून जाणाऱ्या पाण्याचा.

म्हणून कागद निवडतानाही पाण्याचाच विचार करायचा. अंड्यांचे ट्रे मुळात लगद्याचेच, ते झटकन विरघळल्यासारखे सुटे होतात. टॉयलेट पेपरही तसाच. स्वयंपाकघरातला जाड टिश्यू मात्र हट्टी, कारण ओला असताना फाटू नये म्हणून त्यात खास रेझिन घातलेलं असतं. मिक्सरचा मोह आवरावा हे माझं मत. पाइन-देवदारासारख्या सूचिपर्णी झाडांचा तंतू साधारण 3 मिलिमीटर लांब असतो, रद्दीतला त्याहून आखूड. त्याचं आणखी पीठ केलं तर पुढे तडा रोखायला काही उरत नाही. मूर्तिकार प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये काथ्या घालतात तो याचसाठी: फट पडू लागली की तंतू तिच्या दोन्ही काठांना धरून बसतो.

आता फ्लेमिंगो. ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याची घोषणा 2015 सालची, आणि 2022 मध्ये ते रामसर स्थळांच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. हिवाळ्यात नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळीत गुलाबी थवे उतरतात, तेव्हा तिथल्या हौशी हातांना फ्लेमिंगो करावासा वाटला नाही तरच नवल. पण नवशिक्यासाठी याहून वाईट पक्षी नाही. सगळा भार दोन काटक्यांवर.

सेल्युलोजचा तंतू ओला झाला की लांबीत जेमतेम वाढतो, जाडीत मात्र चांगला फुगतो. वाळताना तेवढाच आकसतो. पायातली तार आकसत नाही. भोवतीची माती आत ओढली जाते, तार तिला अडवते, ताण साचतो आणि तडा जातो. त्यातून तार लोखंडी असेल तर ओल्या मातीत ती गंजते. गंजाचं आकारमान मूळ लोखंडापेक्षा जास्त असल्याने तो मातीला आतून ढकलतो, शिवाय पांढऱ्या पायावर तांबूस डाग उमटतात. ॲल्युमिनियमची तार घ्यावी, तिच्यावर कागदी टेप गुंडाळावी म्हणजे मातीला थोडं सरकायला वाव मिळतो, आणि माती पातळ थरांत चढवावी.

पातळ थरामागे साधं गणित आहे. पाणी आतून पृष्ठभागापर्यंत विसरणाने, म्हणजे ओल्या भागाकडून कोरड्याकडे हळूहळू पसरत येतं, आणि विसरणाला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. थर दुप्पट जाड केला तर वेळ दुप्पट नव्हे, साधारण चौपट. पक्ष्याचं धड भरीव मातीचं कराल तर आठवडे जातील. आत चुरगळलेला कागद किंवा फॉइलचा गोळा ठेवून वर अर्ध्या सेंटिमीटरची माती पुरते. कडक उन्हात ठेवायची घाईही नको. वरचा थर आधी वाळून आकसतो, आतला ओला गाभा हटत नाही, आणि पाठीवर भेगांचं जाळं पडतं. पहिला दिवस सावलीत, वर सैल प्लास्टिक, मग पंखा.

पावसाळ्यात याहून वेगळी अडचण. कागद हवेतली ओल सतत घेत-सोडत असतो. 50 टक्के आर्द्रतेच्या खोलीत त्याच्या वजनाच्या साधारण 6 ते 8 टक्के पाणी असतं, जुलैच्या हवेत हे प्रमाण दुपटीकडे झुकतं. मग कितीही दिवस ठेवा, त्यापलीकडे तो वाळत नाही. एसीचा ड्राय मोड इथे पंख्यापेक्षा कामाचा, कारण पंखा तीच ओली हवा फिरवतो.

आणि बुरशी. तिला ओल हवी आणि खाऊ हवा. मैद्याची खळ घातली असेल तर खाऊ तयारच. यावर दोन घरगुती सल्ले हमखास मिळतात आणि दोन्ही फसतात. पहिला, व्हिनेगर घाला. चॉक पावडर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल पडलं की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात आणि व्हिनेगर तिथेच खर्ची पडतं. (शाळेतला खडू बहुधा जिप्समचा असतो, तो फसफसणार नाही.) दुसरा, बोरॅक्स घाला. तो बुरशी रोखतो खरा, पण पांढऱ्या गोंदातल्या पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या साखळ्या एकमेकींना जोडून मातीचं रबर करतो; मुलांचं स्लाइम असंच बनतं. त्यापेक्षा लवंगेच्या तेलाचे थोडे थेंब बरे, त्यातलं युजेनॉल बुरशीला मारक असतं. आपल्याकडे सुपाला, टोपल्यांना लिंपायच्या कागदी लगद्यात बायका भिजवलेली मेथी वाटून घालत. मेथीतलं गॅलॅक्टोमॅनन (साखरेच्या घटकांचा एक नैसर्गिक डिंक) चांगलं चिकट असतं, आणि कडवटपणामुळे किडे लांब राहतात असं त्या सांगत.

वाळलं की नाही हे बोटाने नीट कळत नाही. गालाला लावून पाहा: गार लागलं तर बाष्पीभवन अजून चालू आहे. त्याहून खात्रीचा म्हणजे स्वयंपाकघरातला वजनकाटा. रोज त्याच वेळी वजन करा, लागोपाठ दोन-तीन दिवस आकडा हलला नाही की रंगकामाला घ्या. आधीच व्हार्निश मारलंत तर आतली ओल कोंडते आणि रंगाला फोड येतात. व्हार्निश लावताना तळही सोडू नका. वरून चकचकीत झालेला फ्लेमिंगो पुढच्या जूनमध्ये ओल शोषतो तो तळव्यांतूनच.