गुपित सातबाऱ्यावरच असतं

वडील वारल्यावर मुंबईचा मुलगा गावच्या घरी येतो आणि माजघरातल्या पेटीतून जुनं काहीतरी बाहेर निघतं. कोकणातल्या कौटुंबिक सिनेमा-मालिकांचा हा साचा आता पाठ झालाय. २०१६ साली आलेल्या 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेतही घरचे कर्ते अण्णा गेल्यावरच सगळी भावंडं घरी जमली होती. हा साचा कोकणातच इतका का चपखल बसतो, याचं उत्तर मुंबईच्या गिरण्यांत आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्या वाढल्या तशी रत्नागिरी जिल्ह्यातली (तेव्हा सिंधुदुर्ग त्यातच होता) माणसं बोटीने मुंबईला जाऊ लागली. पुरुष तिकडे गावकीच्या खोलीत, बायका-म्हातारे इकडे, आणि मधे मनीऑर्डर. एका घराचे दोन संसार झाले; कुणी मुंबईत दुसरं घर केलं, तर गावाला ते कुजबुजीतूनच कळायचं.

पण खरी मेख जमिनीची. १९४८ चा कूळ कायदा (कसणाऱ्या कुळाला हक्क देणारा) आणि १९४९ चा खोती, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोताचं वतन, रद्द करणारा कायदा आला, तेव्हा कागदावर नाव कुणाचं याला एकदम किंमत आली. सातबाऱ्यावर बऱ्याचदा थोरल्या भावाचं एकट्याचं नाव आणि पुढे तीन अक्षरं : 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, सगळ्या भावांच्या वतीने नाव लावलेला. धाकटे गिरणीत. थोरला गेला की वारस म्हणून त्याच्याच मुलांची नावं चढायची. धाकट्यांचा हिस्सा फेरफारात, म्हणजे नावं बदलल्याच्या नोंदीत, कुठेच दिसायचा नाही. बहिणींकडून तर हक्कसोडपत्रावर सही घेतली जायची, तीही बहुधा चहा-पोह्यांच्या मधे. पटकथाकार पेट्या आणि विहिरी कशाला धुंडाळतात कोण जाणे, तलाठ्याच्या दप्तरात सगळं तारीखवार लिहिलेलं असतं!

१९८२ च्या गिरणी संपाने गिरणगाव मोडलं आणि अनेकांना गाव पुन्हा आठवला. घर मात्र सामायिक. गणपतीला सगळे हिस्सेदार एका छपराखाली येतात, म्हणून सिनेमातलं भांडणही हटकून चतुर्थीलाच पेटतं.

गेल्या काही दशकांत हे सगळं अधिक उघडं पडलं. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण धावू लागली, पडीक कातळालाही गिऱ्हाईक आलं. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच हक्क दिला. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचा मोबदला घ्यायचा, तर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या हव्यात. त्यासाठी ज्यांचं नाव घरात कुणी काढत नव्हतं, त्यांनाही फोन लावावे लागले.