बुजणारा घोडा प्रदर्शनाला नेताना

विदर्भातल्या पशुप्रदर्शनात गर्दी असते ती बैलजोड्या आणि गवळाऊ गाईंभोवती. घोडे मोजकेच येतात. पण त्यातला एखादा मागच्या दोन पायांवर उभा राहिला की सगळं मैदान तिकडे वळतं. मान ताठ, शेपटी वर, डोळ्यातला पांढरा भाग दिसतोय, अंगावर घाम. "पाणीदार जनावर आहे," असं लोक कौतुकानं म्हणतात. मोहरकी धरून लोंबकळणारा मालक मात्र रडकुंडीला आलेला असतो. "घरी असा नाही करत जी थो. गर्दी पायली का लय बुजते."

मालकाचं म्हणणं शब्दशः खरं आहे. लोकांना जो दिमाख वाटतो, ती बहुतेक वेळा भीती असते.

घोडा हे उघड्या माळावर पळून जीव वाचवणारं जनावर. त्याचं सगळं शरीर त्यासाठीच घडलेलं आहे. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे जवळजवळ ३५० अंशांचा परिसर त्याला मान न वळवता दिसतो. कपाळासमोरचा आणि शेपटीमागचा एवढाच पट्टा नजरेआड राहतो. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, घोड्याला ३३,००० हर्ट्झच्याही पुढचे. धोका जाणवला की तो आधी पळतो, मग थांबून वळून बघतो. विश्रांतीत मिनिटाला २८ ते ४४ पडणारे हृदयाचे ठोके भरधाव पळताना २०० च्या वर जातात. त्याच्या पोटातली प्लीहा हा अवयव तर नवलच आहे. तिच्यात तांबड्या रक्तपेशींचा मोठा साठा असतो, आणि घोडा घाबरला किंवा पळू लागला की ती आकुंचन पावून तो साठा रक्तात सोडते. त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद काही क्षणांत वाढते. म्हणजे मांडवाची कनात वाऱ्यानं फडफडली तेव्हा घोड्याचं शरीर कित्येक किलोमीटर पळायला सज्ज झालेलं असतं, आणि आपण त्याला म्हणतो, "उभा राह्य!"

शिवाय भीती एकावर एक साचत जाते. घाबरल्यावर शरीरात दोन संप्रेरकं वाढतात. अ‍ॅड्रेनलिन काही सेकंदांत चढतं. कॉर्टिसोल हळू चढतं आणि ओसरायला तासभर, कधी त्याहून जास्त घेतं. सकाळी गाडीचे हादरे, मग अनोळखी घोड्यांचा वास, मग भोंग्याचा कर्कश आवाज. यातल्या कशालाच घोडा बुजला नाही म्हणून मालक निर्धास्त होतो, आणि दुपारी कुणीतरी साधी छत्री उघडली की सगळं एकदम बाहेर पडतं. लोक छत्रीवाल्याला बोल लावतात.

यावर गावोगावी एक उपाय चालतो, घोड्याला दमवण्याचा. लांब दोरीवर गोल गोल पळवायचं आणि तो थकला की न्यायचं. एखाद्या दिवशी हे जमून जातं. पण रोज पळवलेल्या घोड्याचा दम वाढतो, पुढे त्याला थकवायला आणखी वेळ लागतो आणि भीती होती तिथंच राहते. कान पिळून जागेवर उभं करणं तर त्याहून वाईट. तो उभा राहतो खरा, पण त्यानंतर कानाला हात लावू देत नाही, आणि मोहरकी चढवणं हाच रोजचा झगडा होतो.

याबद्दल डेन्मार्कमध्ये एक सुंदर प्रयोग झाला, २००६ साली तो प्रसिद्ध झाला. दोन वर्षांचे २७ नर घोडे घेतले आणि त्यांचे तीन गट केले. भीतीची वस्तू एकच, हलणारी मोठी पांढरी नायलॉनची पिशवी. पहिल्या गटाला ती थेट पूर्ण रूपात दाखवली. दुसऱ्या गटाला टप्प्याटप्प्यानं दाखवली, एका टप्प्याला सरावल्याशिवाय पुढचा टप्पा नाही. तिसऱ्या गटात आधी पिशवी आणि बक्षीस यांची सांगड घालून दिली. दुसरा गट सगळ्यांत कमी वेळा बुजला, त्याला सराव कमी लागला, आणि त्यातले सगळे घोडे शेवटी सरावले. बाकी दोन गटांत काही सरावलेच नाहीत. मला त्यातली आणखी एक नोंद फार मोलाची वाटते: घोडे बाहेरून शांत दिसू लागल्यावरही त्यांच्या हृदयाचे ठोके वरखाली होत राहिले होते.

हलायचा थांबलेला घोडा निवलेला असतोच असं नाही. तयारीत चूक होते ती नेमकी इथं. पोतं पाठीवरून फिरवलं, घोडा हलला नाही, "झाला तयार" म्हणून लगेच पुढची पायरी घेतली जाते. त्याऐवजी ठोके मोजावेत. खालच्या जबड्याच्या कडेला, आतल्या बाजूनं बोटं फिरवली की एक ठसठशीत धमनी लागते. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं. घरी, वैरण खाताना किती पडतात ते आठवडाभर लिहून ठेवावं. सरावाच्या वेळी ठोके त्या आकड्याच्या आसपास परतले नाहीत, तर पायरी अजून पक्की झालेली नाही.

हा सराव गावातच होतो, त्याला वेगळं मैदान लागत नाही. लग्नसराईत संदल आणि डीजे असतातच. पहिल्या दिवशी आवाज नुसता कानावर पडेल इतक्या लांब, शेताच्या धुऱ्यावर घोडा उभा करावा. तो कान फिरवेल, मान उचलेल. मान खाली करून पुन्हा चरू लागला की घरी आणावं. अंतर कमी करायचं ते पुढच्या वेळी. खताचं रिकामं पोतं, ताडपत्री, उभी बैलबंडी, हे सगळं दोन्ही बाजूंनी दाखवावं, कारण ओळखीची वस्तू वेगळ्या कोनातून दिसली की घोडा तिला नवी समजतो. सोबत एखादी जुनी, वरातींना सरावलेली घोडी असली तर फारच बरं. शांत सोबती असला की नवखा घोडा कमी घाबरतो, हेही डेन्मार्कमध्येच तपासलं गेलं आहे.

खरारा हा केवळ चमक आणण्याचा भाग नाही. आयाळ संपते तिथं, मानेच्या बुडाशी, घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात. फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांवरच्या १९९३ च्या अभ्यासात त्या जागी खाजवल्यावर ठोके कमी झालेले दिसले. दुसऱ्या जागी खाजवून तसं झालं नाही. त्यामुळे घोडा अस्वस्थ झाला की तोंडावर थोपटण्यापेक्षा तिथं हात घालावा.

धरणाऱ्याचं मनही इथं मोजावं लागतं. स्वीडनमध्ये २००९ साली काही लोकांना घोडा घेऊन एकाच वाटेनं चार वेळा जायला सांगितलं. चौथ्या फेरीआधी सांगितलं की आता छत्री उघडणार. छत्री कुणी उघडलीच नाही, तरी माणसाचे ठोके वाढले आणि घोड्याचेही. म्हणून घरातल्या ज्या पोराला घोड्याची धास्ती वाटत नाही, त्याच्याच हाती मोहरकी द्यावी, मग मालकाची हौस कितीही असो.

चंदीचं, म्हणजे दाण्याच्या खुराकाचं, थोडक्यात. प्रदर्शन जवळ आलं की हरभरा, गूळ, तूप यांचा मारा सुरू होतो. पिठूळ दाणा वाढवला की घोडे जास्त दचकतात, असं दिसून आलं आहे. खाण्यात अचानक बदल झाला तर पोटशूळ उठतो, आणि घोड्याला उलटी करता येत नाही. त्याच्या जठरात आम्ल सतत झिरपत असतं, म्हणून उपाशीपोटी न नेता निघण्याआधी थोडा कडबा खाऊ घालावा.

गाडीत मान उंच बांधून ठेवू नये. मान खाली करता आली नाही की श्वासनलिकेतली घाण बाहेर पडत नाही आणि लांबच्या प्रवासात फुप्फुसाचा दाह होतो. ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाची तपासणी आणि धनुर्वाताचं इंजेक्शन पशुवैद्यकाकडून आधीच करून घ्यावं. घोड्याचा घाम माणसाच्या घामापेक्षा खारट असतो. पाण्याबरोबर मीठही निघून गेल्यामुळे अंगातलं पाणी घटूनही त्याला तहान लागत नाही. अकोला-चंद्रपूरच्या उन्हात ही बाब जिवावर बेतू शकते. चंदीत मीठ घालावं आणि पाणी पुन्हा पुन्हा पुढे धरावं.

प्रदर्शनाच्या दिवशी भोंगे सुरू व्हायच्या आत मैदानाला फेरी मारून आणावी. भर उन्हातून मांडवाच्या सावलीत शिरताना दाराशी थांबावं, कारण घोड्याचे डोळे अंधाराला आपल्यापेक्षा सावकाश सरावतात. पाळी यायच्या आधी ठोके मोजावेत. दहा-पंधरा मिनिटं लांब, मोकळ्यात उभं करूनही ते उतरत नसतील तर नाव मागे घ्यावं आणि पुढच्या लग्नसराईत पुन्हा धुऱ्यावरून सुरुवात करावी.