दोऱ्याची जाडी, सँप्लरच्या शोभेच्या टाक्यांसाठी

सँप्लर म्हणजे टाके, अक्षरे, आकडे व वेलबुट्टीचे नमुने एकाच कापडावर भरून केलेला नमुनापट. धागे मोजून केलेल्या सँप्लरचा पाया फुलीचा टाका (क्रॉस स्टिच) असतो. मात्र त्याच कापडावर भरीव टाका (शेजारी-शेजारी सरळ टाके घालून जागा भरणारा), दुहेरी धावदोरा, लांब हाताची फुली, डोळ्याचा टाका, क्वीन टाका, ऱ्होड्स टाका, गाठीचा टाका असे शोभेचे टाकेही घालतात. फुलीसाठी घेतलेला दोरा या टाक्यांना जसाच्या तसा क्वचितच चालतो. योग्य जाडी तीन गोष्टींवर ठरते : कापडाच्या दोन धाग्यांमधले अंतर, कापडावर दोऱ्याचे किती थर बसतात, आणि एकाच छिद्रातून दोरा किती वेळा जातो. यांपैकी तिसरी गोष्ट बहुतेक नमुनापत्रकांत दुर्लक्षित राहते, आणि काम बिघडते ते प्रायः तिच्यामुळेच.

मोजमाप : दोरा पट्टी लावून मोजत नाहीत, त्याची लांबी व वजन यांच्या प्रमाणावरून जाडी सांगतात. अप्रत्यक्ष पद्धतीत ठरावीक वजनात किती लांबी बसते ते पाहतात, म्हणून अंक वाढला की दोरा बारीक होतो. सुती सुताचा इंग्रजी सूतांक असाच आहे : एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या जितक्या लडी भरतील तो त्याचा अंक. प्रत्यक्ष पद्धतीत ठरावीक लांबीचे वजन घेतात. १,००० मीटर दोऱ्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे टेक्स. येथे अंक वाढला की दोरा जाड होतो.

भरतकामाच्या पर्ल दोऱ्याचे (पदर सुटे न होणाऱ्या, पिळलेल्या सुती दोऱ्याचे) नंबर पहिल्या पद्धतीचे आहेत. डीएमसी या फ्रेंच कंपनीच्या ५ नंबरच्या पर्लची लडी ५ ग्रॅमची असून तीत २५ मीटर दोरा असतो. ८ नंबरच्या १० ग्रॅमच्या गोळ्यात ८० मीटर, तर १२ नंबरच्या तेवढ्याच गोळ्यात १२० मीटर. म्हणजे नंबर हा एका ग्रॅममधल्या मीटरांचाच आकडा ठरतो. टेक्समध्ये हे दोरे अनुक्रमे २००, १२५ व सुमारे ८३ भरतात. व्यास मात्र टेक्सच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे ५ नंबरचा दोरा १२ नंबरपेक्षा वजनाने २.४ पट असला, तरी जाडीने साधारण दीडपटच असतो.

नॉर्वेतील हार्डांगर भरतकामाचा (यात भरीव टाक्यांच्या चौकटींमधले कापडाचे धागे कापून जाळी करतात) रूढ नियम या हिशेबावर तपासून पाहण्याजोगा आहे. इंचाला २२ धाग्यांच्या कापडावर भरीव टाक्यांच्या चौकटींना ५ नंबरचा पर्ल वापरतात. २८ धाग्यांच्या लिननवर तेच काम ८ नंबरने करतात. पहिल्या कापडात धाग्यांमधले अंतर १.१५ मिमी., दुसऱ्यात ०.९१ मिमी.; गुणोत्तर १.२७. या दोन दोऱ्यांच्या व्यासांचे गुणोत्तर १.२६ येते. हा नियम हिशेब मांडून कोणी केला असेल असे वाटत नाही. तो हाताने व नजरेने सापडलेला असावा, आणि तरीही इतका नेमका बसतो, हे त्या कारागीर बायकांचे मोठेपण आहे. कापलेल्या जागेत उरलेल्या धाग्यांच्या दांड्या गुंडाळायला मात्र एक नंबर बारीक दोरा घेतात, म्हणजे ५ च्या जोडीला ८ आणि ८ च्या जोडीला १२.

सहापदरी सुती दोऱ्याचे गणित निराळे आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या अँकरच्या किंवा डीएमसीच्या ८ मीटरच्या लडीत सहा पदर सैल एकत्र असतात व हवे तेवढे काढून घेता येतात. चार पदर पिळून गोल झाले, तर त्यांचा व्यास दोन पदरांच्या १.४ पटच होतो. तेच चार पदर शेजारी-शेजारी सपाट बसवले, तर रुंदी दुप्पट होते. म्हणून भरीव टाक्यासाठी पदर आधी एकेक करून सुटे ओढावेत, मग जुळवून सुईत घालावेत आणि प्रत्येक टाक्याला सुईच्या टोकाने सपाट करावेत. न सुटे केलेले चार पदर पुष्कळदा सुट्या केलेल्या तीन पदरांएवढेही कापड झाकत नाहीत. पर्ल दोरा पिळलेला असल्याने असा पसरत नाही. त्याची गोलाई व उठाव हीच त्याची शोभा, आणि ‘अमुक पदर म्हणजे अमुक नंबरचा पर्ल’ अशी कोष्टके त्यामुळेच अपुरी पडतात.

टाक्यांनुसार निवड : इंचाला १४ घरांच्या आयडावर (चौकोनी घरांच्या विणीच्या भरतकामाच्या कापडावर), किंवा २८ धाग्यांच्या लिननवर दोन धागे धरून, फुलीचे घर १.८ मिमी.चे होते. तेथे फुलीला दोन पदर पुरतात, कारण फुलीत दोऱ्याचे दोन थर एकमेकांवर येतात. भरीव टाक्यात वर एकच थर असतो. दोन पदरांनी भरला तर खालचे कापड डोकावते. त्याच लिननवर त्याला तीन किंवा चार पदर, नाहीतर ८ नंबरचा पर्ल लागतो. दुहेरी धावदोऱ्याचे काम रेघ काढण्याचे. त्याला एक पदर. गाठीच्या टाक्यात गाठ मोठी हवी असेल, तर वेढे वाढवण्याऐवजी पदर वाढवावेत. जास्त वेढ्यांची गाठ सैल पडून कलंडते.

डोळ्याच्या टाक्यात चौकोनाच्या कडेवरून आठ टाके मधल्या एकाच छिद्रात उतरतात. दोन पदर घेतले तर त्या छिद्रात १६ पदर गोळा होतात, आणि सोळा टाक्यांच्या मोठ्या डोळ्यात ३२. मग डोळा उघडतच नाही, मध्ये दोऱ्याची गुठळी होते. एका पदराने, प्रत्येक टाका बाहेरच्या बाजूला किंचित ताणत भरला की कापडाचे धागे सरकून मधले छिद्र स्वच्छ गोल दिसते. क्वीन टाक्यातही चार उभे टाके वर एका व खाली एका छिद्रात जातात व त्यांना मधोमध आडवे बांधतात. त्यालाही एकच पदर, पण चिवट, ताण सोसणारा. ऱ्होड्स टाक्यात उलट दोऱ्याची रास हवीच असते. सहा धाग्यांच्या चौकोनात १२ टाके मध्यावर एकमेकांवरून जातात. दोन पदर घेतल्यास मध्यावर २४ पदरांचा सुबक उंचवटा तयार होतो. तीन पदरांनी तोच चौकोन गाठोड्यासारखा फुगतो.

लांब हाताच्या फुलीची वेणी फुलीच्याच जाडीत चांगली दिसते. सुईही दोऱ्याबरोबर बदलते. बोथट टोकाच्या टॅपेस्ट्री सुयांत अंक वाढला की सुई बारीक : ५ नंबरच्या पर्लला २२, ८ नंबरला २४, एक-दोन पदरांना २६ किंवा २८.

इतिहास : सँप्लर हा शब्द ‘नमुना’ या अर्थाच्या लॅटिन ‘एक्झेम्प्लम’वरून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. इजिप्तमधील मामलूक सुलतानांच्या काळातले नमुनापट आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅश्मोलियन संग्रहालयात व अन्यत्र आहेत. ते साधारणतः १३ व्या ते १६ व्या शतकांतले मानले जातात. इंग्लंडमध्ये एलिझाबेथ ऑफ यॉर्क या राणीच्या १५०२ च्या खर्चाच्या नोंदींत सँप्लरसाठी घेतलेल्या लिननचा उल्लेख येतो. त्या नोंदीत कापड आहे, दोरा नाही. जर्मनीत आउग्सबुर्ग येथे योहान श्योन्स्पेर्गर याने १५२३–२४ च्या सुमारास छापलेल्या नमुनापुस्तकापासून पुढच्या छापील पुस्तकांतही भर आकृत्यांवर राहिला. दोऱ्याच्या जाडीचा इतिहास त्यामुळे मुख्यतः प्रत्यक्ष वस्तूंवरूनच वाचावा लागतो.

यांत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील जेन बॉस्टॉकचा १५९८ चा सँप्लर महत्त्वाचा आहे. साल भरलेला ज्ञात असा हा सर्वांत जुना ब्रिटिश सँप्लर. लिननवर रेशीम व धातूचा दोरा, शिवाय बारीक मोती व काळे मणी असे त्याचे साहित्य आहे. तार गुंडाळलेला धातूचा दोरा कापडातून पुन्हा पुन्हा ओढला की उसवतो व छिद्रे फाडतो. म्हणून तो वर पसरून बारीक रेशमाने टाचतात. दोन जाडींचे दोरे एकाच टाक्यात वापरण्याचा हा जुना मार्ग.

दुहेरी धावदोऱ्याला होल्बाइन टाका हे नाव चित्रकार हान्स होल्बाइन (धाकटा) याच्या व्यक्तिचित्रांतील गळपट्ट्या व बाह्या यांवरून मिळाले. १५०१ मध्ये इंग्लंडला आलेल्या व पुढे तेथील राणी झालेल्या कॅथरिन ऑफ अ‍ॅरागॉनने स्पेनमधून हे काळ्या रेशमाचे काम आणले, असे पुष्कळ पुस्तके सांगतात. तथापि गळ्याभोवती काळ्या रेशमाने भरलेल्या कपड्याचे वर्णन १४ व्या शतकातील इंग्रजी काव्यातही येते. राणीमुळे काम दरबारात मानाचे झाले, पण ते आधीपासून होते, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. या कामातला गडद-फिका भेद मुख्यतः रेघांच्या दाटीवर उभा होता. आज एक व दोन पदर आलटून पालटून वापरतात, ती बहुधा पुढची भर.

‘फुलीला दोन पदर’ हा नियमही फार जुना समजला जातो. जुन्या रेशमी व लिननच्या दोऱ्यांना असे प्रमाणित पदर नव्हते. दोरा कापडानुसार विभागून किंवा जोडून घेत. पदरांनी मोजण्याची भाषा १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात कारखान्यातील बहुपदरी सुती दोऱ्याबरोबर स्थिरावली असावी. जॉन मर्सरने १८५० मध्ये पेटंट घेतलेल्या प्रक्रियेत सूत दाहक सोड्याने फुगते. १८९० च्या सुमारास होरेस लो याने ती सूत ताणून धरून केली व रेशमासारखी चमक मिळवली. चमकदार दोरा त्याच जाडीच्या निस्तेज दोऱ्यापेक्षा ठसठशीत दिसतो, हेही निवडीत धरावे लागते. रेशमाचे पदर आजही एकसारखे नाहीत : फ्रान्सच्या ‘स्वा दाल्झे’ या रेशमी दोऱ्यात सहाऐवजी सात पदर असतात.

भारतीय संबंध : धारवाड भागातील कसुती हेही धागे मोजूनच केले जाते. इलकल साडीमुळे ते दक्षिण महाराष्ट्रातील घरांना परिचित आहे. गवंती व मुरगी हे टाके दोन्ही बाजूंनी सारखे दिसावे लागतात व दोऱ्याला गाठ मारायची नसते, म्हणून त्यांना बारीक दोराच हवा. मेंथी म्हणजे फुलीचा टाका. तो अधिक भरगच्च दिसतो.

महाराष्ट्रात सँप्लरसाठी मॅटी सर्रास वापरतात, आणि ती बऱ्याचदा घरांचा आकडा न सांगताच विकली जाते. इंचपट्टी लावून घरे उभी व आडवी दोन्हीकडे मोजावीत, कारण दोन्ही आकडे सारखे असतीलच असे नाही. मग दुमडीत जाणाऱ्या कडेवर एक, दोन, तीन व चार पदरांचे भरीव चौकोन घालून कापड उजेडासमोर धरावे. ज्या चौकोनातून ठिपक्यांसारखा उजेड येत नाही आणि कड चुरगळत नाही, तेवढे पदर त्या मॅटीवरील भरीव टाक्याला घ्यावेत.