स्कोलिओसिसची शस्त्रक्रिया : पूर्वतयारी आणि घरची शुश्रूषा (सोलापूर)

कणा बाजूला वाकतो आणि स्वतःभोवती पिळलाही जातो, त्या व्यंगाला स्कोलिओसिस म्हणतात. उभ्याने काढलेल्या एक्स-रेवर बाक अंशांत मोजतात. 10 अंशांपुढे स्कोलिओसिस धरतात; साधारण 45 ते 50 अंशांपुढे शस्त्रक्रियेचा विचार होतो. मोठ्या बाकाच्या रुग्णांत वयात येणाऱ्या मुली अधिक. घरच्यांच्या बहुधा उशिरा लक्षात येते : गणवेशाचा एक खांदा उतरतो, ओणवे झाल्यावर एका बाजूच्या बरगड्या वर दिसतात. जड दप्तराने किंवा वाकडे बसल्याने हा बाक येत नाही, त्यामुळे मुलीला बोल लावू नये.

शस्त्रक्रियेत पाठीवर उभी चीर देऊन मणक्यांत स्क्रू बसवतात आणि दोन सळ्यांनी कणा शक्य तितका सरळ करतात. मणक्यांवर हाडाचा चुरा पसरतात. तो सहा महिने ते वर्षभरात जुळून तेवढा भाग एकसंध होतो. सळी हा तोवरचा आधार. हाड जुळलेच नाही, तर रोजच्या ताणाने ती कधीतरी तुटते. मज्जारज्जूला इजा होण्याचे प्रमाण अन्यथा निरोगी मुलांत साधारण शेकडा एकाच्या आत आहे. चार ते सहा तास चालणाऱ्या या कामात मज्जारज्जूचे विद्युतसंकेत सतत पाहिले जातात. ती सोय, अतिदक्षता विभाग आणि रक्तपेढी आहे का, हे सोलापुरात असो की पुण्या-मुंबईत, आधी विचारावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे दाखल होण्यापूर्वीच करावी.

तयारी दोन महिने आधी सुरू झालेली बरी. हिमोग्लोबिन कमी असेल तर लोहाच्या गोळ्या घ्याव्यात, पण चहाबरोबर नकोत. किडलेले दात आणि पाठीवरचे फोड आधी बरे करावेत. तिथले जंतू धातूवर बसले की हटत नाहीत. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन आणि काढे-चूर्णेही डॉक्टरांना सांगून वेळेत थांबवावीत. मोठ्या वयाच्या रुग्णांत खरी अडचण मिसरीची. ‘मी तंबाखू खात नाही’ म्हणणाऱ्या बाईच्या मिसरीतही निकोटिन असतेच, आणि निकोटिनने हाड जुळायला अडथळा येतो.

रुग्णालयात बहुधा दुसऱ्या दिवशी बसवतात, मग चालवतात. कूस बदलताना खांदे आणि कंबर एकदम वळवायची. बारीक अंगाच्या मुलीला काही दिवसांनी वरचे पोट फुगून वारंवार उलट्या होऊ लागल्या, तर पित्त म्हणून सोडून देऊ नये : कणा सरळ झाल्याने लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग रक्तवाहिनीखाली दबू शकतो.

खरी कसोटी घरी. आपले घर जमिनीलगत चालते : चटईवर झोप, मांडी घालून जेवण, भारतीय शौचकूप. सुरुवातीचे काही आठवडे हे सगळे गुडघ्याच्या उंचीवर आणावे लागते. पलंग, हात असलेली खुर्ची, शौचासाठी कमोड खुर्ची, अंघोळीची बादली स्टुलावर. परतीच्या रेल्वेप्रवासात लोअर बर्थ मागावा. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येते आणि त्या वेळी घरातला प्रत्येक हात भरण्याला लागतो. या मुलीला त्यातून वगळायचे. चार-पाच किलोंपेक्षा जास्त उचलायचे नाही, आणि भरलेली बादली पंधरा किलोंच्या घरात जाते. जानेवारीतल्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, गर्दीतही पहिल्या वर्षी नेऊ नये. तिथला धक्का आवरता येत नाही.

वेदनाशामकांनी बद्धकोष्ठ होते. कडक भाकरी आणि शेंगाचटणी थोडे दिवस बाजूला ठेवून ताकात कुस्करलेली मऊ भाकरी, पालेभाजी, अंडी, भरपूर पाणी द्यावे. सुट्टी मिळते म्हणून बरेच जण मे महिना निवडतात, पण सोलापूरच्या उन्हाळ्यात ड्रेसिंगखाली घाम साचतो. दिवाळीची सुट्टी सोयीची. जखमेतून पाणी येणे, कडा लाल होणे, ताप, पायात नवा अशक्तपणा किंवा लघवी अडणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी दाखवावे.

शाळा चार ते सहा आठवड्यांनी, सुरुवातीला अर्धा दिवस. पुस्तकांचा एक संच वर्गात ठेवला की दप्तराचा प्रश्न मिटतो. स्कूटरवर मागे बसणे आणि खेळ सर्जनने सांगितल्यावरच. चिरेभोवतीची बधिरता महिनोन्‌महिने राहते, थोडी कायमचीही. ती धोक्याची नाही. वर्ष उलटल्यावर नव्याने पाठ दुखू लागली, तर मात्र एक्स-रे काढावा. सळी तुटलेली दिसूनही बाक स्थिर असेल आणि दुखणे सोसण्यासारखे असेल, तर पुष्कळदा नुसते लक्ष ठेवतात.