काडीमोड, फारकती आणि देवाधर्माची गाठ

देवभोळ्या माणसाला घटस्फोट पटत नाही, म्हणून त्याचा संसार टिकतो, असं सरसकट म्हटलं जातं. खानदेशात हा हिशोब जुळत नाही. देव तेच, आखाजी (अक्षय्य तृतीयेचा सण) तीच, कानबाई देवी तीच; तरी एका जातीत फारकतीचं, म्हणजे नवराबायकोने वेगळं होण्याचं, नाव काढायची सोय नव्हती, आणि शेजारच्या जातीत पंचांसमोर काडी मोडून बाई मोकळी व्हायची, पाट लावून, म्हणजे दुसरं लग्न करून, पुन्हा नांदायची. घटस्फोटाबद्दलचं मत नुसत्या धर्मावरून ओळखता येत नाही ते यामुळे.

श्रद्धेचा परिणाम मोजायचा तर ‘तुम्ही धार्मिक आहात का?’ हा प्रश्न कुचकामी आहे. बहुतेक जण हो म्हणतात. ‘प्रार्थनेला किती वेळा जाता?’ असं विचारलं की फरक दिसतो. अमेरिकेतल्या हजारो परिचारिकांच्या पाहणीत (2018) नियमित चर्चला जाणाऱ्यांमध्ये घटस्फोट किंवा विभक्त होण्याचं प्रमाण न जाणाऱ्यांच्या सुमारे निम्मं निघालं. यात एक फसगत होऊ शकते. संसार मोडला की लोकांत जाणंही सुटतं, मग कारण कोणतं आणि परिणाम कोणता? म्हणून हजेरी आधी नोंदवून पुढची वर्षं त्याच बायकांची माहिती घ्यावी लागते.

आपल्याकडे हजेरी लागते ती कुळाचाराला. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रोटांच्या प्रसादासाठी सगळी भाऊबंदकी एका घरात जमते. पंगतीत एखादी सून दिसली नाही तर चार जणी विचारतात, आणि भांडण वेळेत मिटतं. मात्र हीच भाऊबंदकी मार खाणाऱ्या बाईचं तोंडही दाबते, हे विसरून चालणार नाही.

2011 च्या जनगणनेत देशात घटस्फोटित सुमारे 13.6 लाख होते, नुसते वेगळे राहणारे 35 लाखांच्या घरात. फक्त घटस्फोट मोजले तर हे मोडलेले संसार ‘टिकलेले’ ठरतात.

स्टॅम्पपेपरवरची फारकती तर फार घात करते. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम 29(2) रूढीचा घटस्फोट मानतं, पण ती रूढी आपल्या जातीत जुनी आणि अखंड आहे हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. ते जमलं नाही तर पहिलं लग्न कायम राहतं, दुसरं रद्दबातल ठरतं, आणि दुसऱ्या बायकोची पोटगी अडू शकते. भिल्ल, पावरा अशा अनुसूचित जमातींना हा कायदा लागू नाही, तिथे जमातीची रूढीच चालते. बाकीच्यांनी वर्षभर वेगळं राहून झालं की संमतीने कलम 13-ब खाली अर्ज करावा. पुढची सहा महिन्यांची मुदत कोर्ट माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितलं आहे.